शेतात नांगर, समुद्रात फावडे: पाठीवर कमान असलेल्या ३३ किलोच्या नांगराचा अनुभव

मराठीत शेत उखळणाऱ्या अवजाराला आणि गलबत जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडाला नांगर हा एकच शब्द आहे, आणि या एका शब्दाने मला जवळपास वर्षभर फसवले. व्यापारी जहाजांच्या इंजिनखात्यात बत्तीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर मी आणि पत्नीने मलेशियातील लंकावी बेटावर चाळीस फुटी, एका डोलकाठीची, जुनी शिडाची बोट विकत घेतली. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, टांगलेल्या नांगराला दोन्ही बाजूंनी उतरता, टोकदार फाळ होता आणि त्यामागे बिजागरीवर हलणारा लांब दांडा होता, म्हणजे आमच्या दापोलीकडच्या भातखाचरातला फाळ आणि इसाडच जणू लोखंडात ओतलेले. पाहताक्षणीच तो मला घरचा वाटला. त्याच्यावर एक पावसाळा विसंबून राहिल्यावर मी तो बदलला आणि पाठीवर कमान असलेला, फावड्यासारख्या खोलगट पात्याचा नांगर घेतला. साडेचार वर्षांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत तो नाळेवर होता आणि गेली दोन वर्षे, आम्ही लंकावीतच घर भाड्याने घेऊन राहू लागल्यापासून, आमची बोट त्याच्याच भरवशावर उभी आहे. हे परीक्षण त्या नांगराचे आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण याच आकाराचे नांगर आता अनेक जण बनवतात आणि माझे म्हणणे आकाराविषयी व वजनाविषयी आहे.

नांगराच्या आकाराचा नांगर ही काही अडाणी कल्पना नव्हे. केंब्रिजचे पदार्थवैज्ञानिक जेफ्री इन्ग्राम टेलर यांनी १९३३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना जड लोखंड वाहून नेणे परवडत नसे, त्यामुळे कमी वजनात जास्त पकड देणारा नांगर त्यांना हवा होता. ‘सिक्युअर’ या उच्चाराशी जुळणारे ‘सीक्यूआर’ हे नाव त्याला मिळाले, आणि पुढची कित्येक दशके लांबच्या सफरीला निघालेल्या बोटींच्या नाळेवर हाच आकार दिसत असे. त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या, आणि आमच्या बोटीवरचा नांगर अशीच एक बिनछापाची नक्कल होता, त्यामुळे त्याच्या दोषांची जबाबदारी मी मूळ नांगरावर टाकणार नाही. मात्र आकाराचा प्रश्न उरतोच. वडील जोत धरत तेव्हा सांगत, “फाळ शिरायला हवा, पण अडायला नको, अडला की बैलांच्या मानेवर येतं.” उतरत्या बाजूंचा फाळ माती दोन्हीकडे सारतो, तास पाडतो आणि पुढे सरकतो, शेतात त्याच्याकडून हीच अपेक्षा असते. बोटीखालच्या लोखंडाने मात्र शिरावे आणि शिरल्यावर अडावे, एवढेच आपल्याला हवे असते.

मला हे समजले ते मे महिन्यातल्या एका पहाटे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत साधारण एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत ‘सुमात्रा’ नावाची वादळे येतात. पश्चिमेकडून ढगांची काळी पट्टी सरकत येते, अंगावर एकदम गार झोत येतो आणि पुढचा अर्धापाऊण तास वारा आणि पाऊस यांशिवाय दुसरे काही सुचत नाही. आम्ही लंकावीतल्या चेनांगच्या किनाऱ्यासमोर उभे होतो. तो किनारा पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे वारा फिरला की पुळण थेट बोटीच्या पाठीशी येते. चार वाजून गेले असतील. पत्नीने मला हलवून उठवले आणि म्हणाली, “अहो, किनाऱ्यावरचा तो दिवा मोठा दिसतोय का?” मी नाळेवर जाऊन साखळीवर तळवा टेकवला. नांगर धरून असला की साखळी ताणली जाते, सैल होते, पुन्हा ताणली जाते, पण गप्प असते. त्या पहाटे तिच्यातून खडबडीत रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी खरखर हाताला लागत होती. इंजिन चालू करून वाऱ्याच्या तोंडावर बोट हळूहळू पुढे ढकलत आम्ही तासभर काढला, आणि तेवढ्या वेळात एका शेजाऱ्याच्या बोटीची नाळ आमच्यापासून दहा मीटरांवर येऊन गेली. उजाडल्यावर नांगर वर काढला तेव्हा त्याचा फाळ घासून चांदीसारखा चकचकीत झाला होता. पहिल्या पावसानंतर घरी पडवीत टेकवलेल्या नांगराचा फाळ असाच चमकायचा.

वाऱ्याच्या जोराचे गणित त्या दिवसापासून मी पाहुण्यांना सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा ताण चौपट होतो आणि तिप्पट झाला की नऊपट. पंधरा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात छान धरून असलेला नांगर पंचेचाळीस नॉटमध्येही धरील, असे समजण्याला त्यामुळे काहीच आधार नसतो.

नव्या घराण्यातल्या नांगरांची उलटी रीत आहे. त्यांचे पाते बाहेरून फुगीर नसून आतून खोलगट असते, म्हणजे ते माती बाजूला सारत नाही, तर फावड्यासारखे पोटात घेते. दांडा पात्याला पक्का जोडलेला असतो, बिजागरी नसते. टोक तासलेले आणि जड असते, त्यामुळे तळाला लागताच ते घुसू पाहते. पाठीवरची गोल कमान पाहून अनेकांना ती उचलण्याची मूठ वाटते, पण तिचे काम वेगळे आहे: नांगर उताणा पडला तर या कमानीवर त्याचा तोल राहत नाही, साखळीच्या ओढीने तो कुशीवर कलंडतो आणि टोक पुन्हा तळाला लागते. कमानीची युक्ती जर्मनीच्या रोल्फ काचिरेक यांच्या ब्यूगेल या नांगरात आधी दिसली, खोलगट पाते फ्रान्सच्या आलें प्वारो यांच्या स्पेडने रूढ केले, आणि न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांनी रोक्नामध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. माझा नांगर याच वंशातला आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगतो. लंकावी १९८७ पासून करमुक्त बेट आहे, त्यामुळे बोटीचे सामान इथे घेणे परवडते. माझा नांगर आणि दहा मिलिमीटर जाडीची साठ मीटर साखळी मिळून त्या वेळी सव्वा लाख रुपयांच्या आसपास खर्च आला. आमच्या बोटीला तक्त्याप्रमाणे २५ किलोचा नांगर पुरला असता, पण मी मुद्दाम एक माप वर जाऊन ३३ किलोचा घेतला. दुकानदाराने त्याबरोबर साखळी आणि नांगर यांच्यामध्ये बसवण्याची स्टेनलेस स्टीलची फिरकी आग्रहाने गळ्यात मारली, आणि ती घेणे ही या सगळ्या व्यवहारातली माझी एकमेव चूक ठरली. वर्षभराने ती उघडून पाहिली तेव्हा बाहेरून आरशासारख्या दिसणाऱ्या त्या वस्तूची आतली पिन खाऱ्या पाण्याने पोखरलेली होती. तेव्हापासून जस्ताचा मुलामा दिलेली साधी शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी कडी, वापरतो आणि तिची पिन तारेने बांधून टाकतो. नाळेवरचा जुना रोलर नव्या कमानीला अडत होता. लंकावीच्या कुआह गावातल्या एका वेल्डरने त्याचे दोन्ही गाल कापून दीड इंच बाहेर नेऊन दिले. ज्यांच्या नाळेपुढे लाकडी सुळका काढलेला आहे किंवा ज्यांचा नांगर डेकखालच्या खणात मावावा लागतो, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी पुठ्ठ्याची प्रतिकृती कापून जागेवर लावून पाहावी, कारण ही कमान अनेक बोटींना बसतच नाही.

पहिली खरी परीक्षा झाली ती कोकोस बेटांवर. हिंद महासागर ओलांडणाऱ्या बोटी डायरेक्शन नावाच्या निर्मनुष्य बेटाच्या आडोशाला थांबतात. तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे दिवसरात्र वाहत असतात आणि पाणी इतके स्वच्छ असते की पाच मीटर खोलीवरची साखळी डेकवरून मोजता येते. नांगर टाकून, बोट मागे जाऊ देत साखळी सोडून, शेवटी इंजिन उलटे चालवून ताण दिला आणि मी पाण्यात उतरून पाहिले. पांढऱ्या वाळूत साधारण हातभर लांबीचा एक ओरखडा होता, ओरखड्याच्या टोकाला कमानीचा वरचा भाग दिसत होता आणि बाकी नांगर वाळूच्या आत होता. पुढचे नऊ दिवस वीस-पंचवीस नॉट वाऱ्यात तो ओरखडा वीतभरही लांबला नाही. मी रोज सकाळी चहाआधी जाऊन तो बघत असे. पत्नीच्या मते मी नांगराला भेटायला जात होतो.

पुढच्या टप्प्यातल्या बऱ्याच ठिकाणी नांगराविषयी सांगण्यासारखे काही घडले नाही. मॉरिशसला पोर्ट लुईत बोट धक्क्याला बांधायची असते, त्यामुळे तिथे नांगराला सुट्टी मिळाली आणि आम्हाला तिथल्या मराठी मंडळींच्या घरचा गणपती मिळाला. दक्षिण आफ्रिकेतही आम्ही बंदरातच बांधून होतो आणि सेंट हेलेनाला पाहुण्या बोटींसाठी पक्क्या बांधणीचे तरंगते बोये आहेत. कॅरिबियन बेटांमध्ये मात्र नांगर जवळपास दररोज पडला आणि उठला. तिथल्या समुद्रगवतावर त्याची कामगिरी मध्यम होती, कारण गवताच्या मुळ्यांचा गालिचा फाडून टोक खाली जायला दोन-दोन, तीन-तीन प्रयत्न लागत. खरे तर गवत टाळून वाळूचा मोकळा तुकडा शोधणेच योग्य. नांगरासाठीही आणि गवतासाठीही.

प्रशांत महासागर ओलांडून मार्केसास बेटांपैकी हिवा ओआला पोहोचलो तेव्हा ताहाउकूच्या उपसागरात मोठी लाट थेट आत येत होती आणि बोटी एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या की प्रत्येकाला नाळेवरून एक आणि बोटीच्या मागच्या टोकाकडून एक असे दोन नांगर टाकावे लागत. मागच्या बाजूला आम्ही डॅनफर्थ पद्धतीचा हलका, सपाट दोन पात्यांचा नांगर वापरला. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर चढलेल्या युद्धनौकांना पुन्हा पाण्यात ओढून नेण्यासाठी तो वापरला गेला होता. या गावाशेजारच्या टेकडीवर, अतुओनाच्या दफनभूमीत, चित्रकार पॉल गोगँच्या जवळच बेल्जियन गायक जाक ब्रेल यांचे थडगे आहे. तेही रंगमंच सोडून १९७४ मध्ये शिडाची बोट घेऊन निघाले होते, १९७५ च्या अखेरीस इथे पोहोचले आणि इथेच राहिले. राहायचे ठरल्यावर त्यांनी बोट विकून टाकली आणि छोटे विमान घेतले. आमच्याकडे तो मार्ग नव्हता, तेव्हा नांगराकडे परत येतो.

तुआमोतू द्वीपसमूहातल्या कंकणाकृती बेटांवर नांगरापेक्षा साखळीची काळजी जास्त घ्यावी लागते. तळाला वाळूच असते, पण अधूनमधून प्रवाळाचे खांब उभे असतात; वारा फिरला की साखळी त्यांना वेटोळे घालते, प्रवाळ मोडते आणि बोटीला हलायला जागाच उरत नाही. फाकारावाला आम्ही शेजाऱ्यांकडून एक सोपा उपाय शिकलो. मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेले काळे प्लास्टिकचे गोळे गोळा करायचे, साखळीची पहिली पंधरा मीटर तळावर पडू द्यायची आणि तिथून पुढे दर सहा-सात मीटरवर एक गोळा बांधायचा, म्हणजे उरलेली साखळी प्रवाळाच्या डोक्यावरून तरंगत राहते. अशा मांडणीत साखळीचे वजन नांगराच्या मदतीला येत नाही, दांड्यावरची ओढ किंचित वरच्या दिशेने येते आणि नांगराला जवळजवळ एकट्याने सगळे सोसावे लागते. ३३ किलो घेतल्याचे समाधान मला सर्वाधिक इथे वाटले.

दोष आता सांगतो. इंडोनेशियातून परतीच्या वाटेवर एका खाडीत संध्याकाळी नांगर उत्तम धरला, पण मध्यरात्री मतलई वारा सुटून बोट पूर्ण उलट दिशेला फिरली. नांगर ओढीसरशी उपटला आणि पुन्हा रुतला नाही. पन्नास मीटर मागे गेल्यावर गजर वाजला म्हणून कळले. वर काढून पाहतो तो पात्याच्या पोटात आणि कमानीच्या आत चिकट मातीचा एवढा गच्च गोळा बसला होता की नांगराचा नुसता लोखंडी चेंडू झाला होता. टोक तळाला लागण्याची शक्यताच नव्हती. हा कमानीचा अंगभूत दोष आहे, कारण जी कमान नांगराला सुलटा करते तीच चिकणमातीला पळू देत नाही. म्हणून हल्ली कमान वगळून फक्त टोकाच्या वजनावर आणि दांड्याच्या वळणावर सुलटे होणारे नांगरही निघाले आहेत. जिथे रात्री वारा हमखास फिरतो आणि तळ चिकणमातीचा आहे, तिथे वारा फिरल्यावर उठून एकदा साखळीवर हात ठेवण्याला पर्याय नाही.

दुसरा दोष नांगराचा नसून आमच्या वयाचा आहे. ३३ किलोचा नांगर आणि त्याच्यावर लोंबणारी दहा मीटर साखळी मिळून पंचावन्न किलो होतात. नांगर उचलणारा विद्युत रहाट चालू असेपर्यंत हे वजन कुणाला जाणवत नाही. टोंगात त्याची मोटार जळाली आणि पुढचे तीन आठवडे मी तो हाताच्या दांड्याने, दात मोजत, वर काढत होतो. साठी ओलांडलेल्या दोन माणसांनी एक माप वरचा नांगर जरूर घ्यावा, पण त्याच वेळी रहाटाची सुटी मोटारही घ्यावी आणि हाताचा दांडा गंजलेला नाही हे पाहून ठेवावे.

लंकावीला परतून राहायचे ठरवले त्याची कारणे अनेकांची असतात तीच आहेत. बेट विषुववृत्तापासून सुमारे सहा अंश उत्तरेला आहे, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेत येत नाही, करमुक्त आहे आणि मुंबईपासून फार लांब नाही. आता आम्ही किनाऱ्यावर, भातशेताच्या कडेच्या लहान घरात राहतो आणि बोट समोर उभी असते, कधी कधी आठवडाभर कुणाविना. धक्क्याचे मासिक भाडे त्यामुळे वाचते, पण त्या बदल्यात नांगरावरचा विश्वास पुरेपूर असावा लागतो. इथला तळ बहुतेक मऊ चिखलाचा आहे. मऊ चिखलात हा नांगर ताबडतोब ताण घेत नाही. पहिल्यांदाच इंजिन जोरात उलटे फिरवले तर तो लोण्यातून सुरी जावी तसा सरकत येतो. त्याला अर्धा तास स्वतःच्या वजनाने बसू द्यावे आणि मग हळूहळू ताण वाढवावा. असा बसला की मात्र काढताना रहाट कण्हतो. दर महिन्याला एकदा तो उचलून पुन्हा टाकतो, तेव्हा पात्यात सात-आठ किलो काळा, कुजक्या वासाचा चिखल येतो आणि पाण्याचा पंप नसेल तर नाळ धुण्यात सकाळ जाते.

साखळीचा हिशेब करताना नवखे लोक ओहोटीची खोली धरतात, म्हणून तोही सांगून ठेवतो. आम्ही उभे असतो तिथे ओहोटीला चार मीटर पाणी असते, उधाणाच्या भरतीला त्यात तीन मीटरची भर पडते आणि पाण्यापासून आमची नाळ सव्वा मीटर उंच आहे. म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याच्या पाचपट धरली तर एकेचाळीस मीटर साखळी. बोट एकटी सोडायची असली की मी पंचावन्न सोडतो. नाळेपासून साखळीला दहा मीटरचा नायलॉनचा दोर जोडून त्यावर ताण घेतो, कारण नायलॉन ताणला जातो आणि सुमात्राचा पहिला हिसका स्वतः खातो. दोन पावसाळ्यांत अशी बरीच वादळे येऊन गेली. प्रत्येक वेळी पहाटे व्हरांड्यात उभे राहून पाहिले, आणि पाऊस ओसरल्यावर बोट तिच्याच जागी, फक्त तोंड फिरवून उभी दिसली.

टोकावरचे जस्त आता उडाले आहे आणि तिथे तांबूस गंज दिसतो. येत्या हंगामात बोट जमिनीवर काढू तेव्हा नांगराला नवा मुलामा द्यावा लागेल. पैशांच्या मानाने मी त्याला दहापैकी नऊ गुण देईन आणि कापलेला एक गुण इंडोनेशियातल्या त्या मातीच्या गोळ्याचा आहे. तुम्ही बहुतेक वेळ धक्क्याला बांधून राहणार असाल किंवा बोटीच्या रचनेत कमान बसतच नसेल, तर हा खर्च करू नये. बाकी सगळ्यांनी नवी शिडे, नवी गादी आणि मोठा पडदा असलेला नकाशादर्शक घेण्याच्या आधी हा घ्यावा.

जुना नांगर वर्षानुवर्षे बोटीच्या तळघरात पडून होता. घर घेतल्यावर तो अंगणात आणून टाकला, तेव्हा शेजारचे मलय शेतकरी त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “तेंगाला?” त्यांच्या भाषेत तेंगाला म्हणजे शेतीचा नांगर. मी म्हटले, “साउह,” म्हणजे बोटीचा. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेले दिसले नाही. दोन दिवसांनी त्यांनी तो मागून नेला, आणि आता खाचराच्या कडेला अर्धा पुरलेल्या त्या नांगराला त्यांचा रेडा बांधलेला असतो.